रिसीव्हर चालू होता

उपग्रहांच्या भरवशावर विमान धावपट्टीवर नेमकं उतरवता येईल का, हे तपासायचं आमचं काम. चाचणीचं विमान दिवसभर एकाच धावपट्टीवर उतरणीचे फेरे मारायचं आणि मी खाली उन्हात, तिपाईवर बसवलेल्या रिसीव्हरशेजारी. त्याच्या नोंदींशी ताडूनच विमान खरं कुठं होतं ते कळतं. तो बंद पडला तर तो फेरा बाद, आणि तसं वहीत लिहून सही मी करायची.

एका फेऱ्यात यंत्रणेने उंची चुकीची दाखवली. त्याचं मला काही नाही, चुका पकडायलाच तर आम्ही होतो. पण उंची चुकली की वैमानिकाला ताबडतोब इशारा मिळायला हवा. तो आला उशिरा. आकाश स्वच्छ होतं म्हणून निभावलं. ढगात असं झालं असतं तर विमान जमिनीवर आदळलं असतं.

साहेब म्हणाले, "अगं, एकच फेरा आहे. लिहून टाक, रिसीव्हर बंद होता. बाकीचा रिझल्ट मस्त येतोय."

माझं डोकंच फिरलं. "सर, मी शेजारीच बसले होते. चालू होता."

"तू फार ताणतेस."

शांती नगरला घरी आले तर दारात उत्तनची मासेवाली मावशी. रागाच्या भरात तिलाच सगळं सांगितलं. बोंबील साफ करता करता ती म्हणाली, "आमच्या बोटीवर पन जीपीएस हाय. कदी कदी चुकतो. पन चुकलो म्हनून सांगत न्हाय, म्हनून खडकाजवळ त्याचं कोन ऐकत न्हाय." तिला जे कळतं ते दोन-दोन पदव्या भिंतीवर टांगणाऱ्या माणसाला कळू नये?

दुसऱ्या दिवशी वहीत ठसठशीत लिहिलं, रिसीव्हर चालू होता. साहेबांनी वही मिटून ड्रॉवरमध्ये टाकली. मला वाटलं, जिंकले.

अहवाल आला तेव्हा तो फेरा त्यात नव्हता. मागे वहीच्या पानाची प्रत जोडलेली, पण पान नवंच. 'रिसीव्हर बंद', आणि खाली सही माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची. चाचणीच्या दिवशी तो विमानतळावर नव्हताच. भाईंदर पश्चिमेला त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसभर पेढे वाटले, आणि साहेबांनी दोन घेतले होते.