हा शब्द कुणाकडं?

पुस्तक इतकं पातळ होतं की माझ्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी सहज मावलं. वर कादंबरीचं तेच नाव, तोच लेखक, आणि खाली बारीक अक्षरांत ‘सोप्या इंग्रजीत’. आमच्या वाचनगटाची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी ते माझ्या हातात ठेवताना गोड हसली.

“काकू, तुम्हाला हे सोयीचं पडेल. मागे शब्दांचे अर्थ पण दिलेत. नेक्स्ट सॅटर्डे तुमचा चॅप्टर आहे ना, सो टेन्शन नको.”

मी थँक्यू म्हणाले. अपमान झाला की माणूस आधी थँक्यूच म्हणतो, डोकं तापतं ते घरी पोचल्यावर. माझं मात्र कॅफेच्या दारातच तापलं.

हा गट दर शनिवारी संध्याकाळी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, खालच्या कॅफेत जमतो. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या, पाळीपाळीने एकेकाने एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, मग चर्चा. ही इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी गिरणी होती आणि माझे वडील तिच्यात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्यावर मी इथे रडणार नाही. रडणारे पुष्कळ झाले, आणि त्यातल्या काहींनी डोळे पुसून तिथेच फ्लॅटही बुक केले. सांगायचं ते एवढंच, की गटातले बाकीचे सगळे पवई, अंधेरी, ठाणे असे लांबून गाड्यांनी यायचे आणि मी एकटी घरून चालत यायचे. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, “तुम्ही कुठून येता?” मी म्हटलं, “इथूनच. मागची चाळ.” तो जरा थांबून “ओ, नाइस” म्हणाला. त्यात नाइस काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

माझं शिक्षण म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत झालं. इंग्रजी आलं ते सरकारी नोकरीत, टाइपरायटरवर. ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ या जातीचं ते इंग्रजी. त्या इंग्रजीत कुणी रडत नाही, कुणी लग्नाला नकार देत नाही, कुणाला भूक लागत नाही. निवृत्त झाल्यावर मला दुसरं इंग्रजी हवं होतं, माणसांचं. म्हणून फुटपाथवरून ही जाडजूड कादंबरी उचलली. नवरा मेल्यावर सासरचे एका बाईला घराबाहेर काढायला बघतात आणि ती निघत नाही, अशी गोष्ट. पहिलं पान वाचताना दाताखाली खडे यावेत तसे शब्द येत होते. पण भात चांगला होता, म्हणून टाकून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ते पातळ पुस्तक उघडलं आणि चहा संपेपर्यंत पुस्तकही संपलं. जाड पुस्तकात एक प्रसंग आहे. वकिलाकडून हरून परत येताना ती बाई दिराची बग्गी नाकारते आणि थंडीत चालत घरी येते. तिचे ओले बूट, रस्त्यातलं बंद पडलेलं चर्च, दाराशी आल्यावर किल्ली लागत नाही म्हणून तिने दारालाच घातलेली शिवी, असं सगळं दोन पानं चालतं. पातळ पुस्तकात तिथे लिहिलं होतं, ‘ती फार दुःखी झाली.’

दुःखी? ती संतापली होती! संताप काढून टाकला म्हणजे पुस्तक सोपं होतं, असं कुणीतरी ठरवलेलं दिसलं.

आता प्रश्न माझ्या प्रकरणाचा होता. पातळ पुस्तक घेऊन गेले असते तर टेबलाशी माझी खुर्ची राहिली असती, पण ती कौतुकाची. काकू कशा या वयात वाचतात, असं म्हणण्यापुरती. जाड घेऊन गेले आणि अडखळले, तर मंगळवारची नवशिक्यांची बॅच होतीच. ती मुलगी त्या बॅचचा उल्लेख दोनदा सहज म्हणून करून गेली होती. आणि मला तर तेच टेबल हवं होतं, तेच जाड पुस्तक आणि माझ्या तोंडून तेच प्रकरण, पूर्ण. हट्ट म्हणा. माझ्या घराण्यात तो आहे, आणि तो कुठून आला तेही मला माहीत आहे.

आमच्या चाळीत तळमजल्याच्या एका खोलीत बुद्धविहार होता. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. वाचायचं काम बहुधा माझ्या वडिलांकडे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा रात्रशाळेत शिकलेले, वाचायचे ठासून आणि सावकाश. ग्रंथ अवघड, पानोपानी पाली-संस्कृत शब्द. पण आमच्या विहारात एक रीत होती. कळलं नाही की कुणीही “थांब” म्हणायचं. म्हातारं असो की पोर, दादा थांबायचे. शब्द सगळ्यांपुढे ठेवला जायचा. कुणालाच आला नाही तर दादा विचारायचे, “हा शब्द कुणाकडं?” मग कुणीतरी म्हणायचं, “माझ्याकडं.” ज्याने शब्द नेला त्याने दुसऱ्या दिवशी अर्थ आणायचा. गिरणीतल्या क्लार्कला विचारा, वाचनालयात जा, शाळेतल्या बाईंना गाठा, काहीही करा. दुसऱ्या दिवशी वाचनाची सुरुवात त्या आणलेल्या शब्दाने व्हायची. आणि नाही मिळाला, तर “राहिला” असं सगळ्यांदेखत सांगायचं. राहिलेला शब्द लपवून पुढे वाचणं आमच्याकडे चालायचं नाही.

सगळ्यात जास्त “थांब” म्हणायची ती माझी आत्या. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या मशिनीवर होती. एकदा तिने ‘उपादान’ हा शब्द नेला. विसरू नये म्हणून दिवसभर मशिनीवर तोच पुटपुटत राहिली. संध्याकाळी आली ती युनियनच्या ऑफिसात विचारूनच. विहारात उभी राहून म्हणाली, “उपादान म्हंजी धरून बसणं. सोडता न येणं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवण्यासारखंच होतं ते.

एका वर्षी कॉलेजात शिकणारा एक नातेवाईक आला. दोन संध्याकाळ बसला आणि दादांना म्हणाला, लोकांना हे झेपत नाही, मी सोपी पुस्तिका आणून देतो, लहान मुलांची आहे पण यांना पुरेल. दादा गप्प राहिले, शिकलेल्या माणसाचा मान म्हणून. आत्या कशाला गप्प राहतेय!

“पातळ करू नको रं बाबा,” ती म्हणाली. “पेज आजाऱ्याला देत्यात. आमी काय आजारी हाय व्हय?”

पुस्तिका आली नाही. त्या वर्षी ग्रंथ आश्विन पौर्णिमेला वर्षावास सरेपर्यंत संपला नाही, तर दिवाळीनंतर बसून संपवला.

तेव्हा मी माझ्या प्रकरणाची तयारी आत्याच्या रीतीने केली. अडलेले शब्द वाटून टाकले. काही माझ्या मुलीकडे, काही समोरच्या खोलीतल्या शेजारणीकडे. शेजारीण हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिला वाचनाची आवड माझ्याहून जुनी. मुलगी वैतागली.

“आई, फोनमध्ये बघ ना. दोन सेकंदात कळतं.”

“दोन सेकंदात कळलेलं दोन सेकंदात जातं,” मी म्हटलं. “आणि तू नेलास तर संध्याकाळी माझ्याशी बोलशील तरी.”

ती बोलली. ‘कॉन्डिसेन्शन’ तिच्याकडे होता. तिने आणला तो आजचा अर्थ, आपण मोठे असल्यासारखं दुसऱ्याशी वागणं. तो वाक्यात बसेना. कादंबरीत तर सगळं गाव जमीनदारीणबाईच्या कॉन्डिसेन्शनची वाखाणणी करत होतं. आम्ही दोघी भाजी निवडत त्या वाक्याभोवती फिरत राहिलो. शेवटी मुलगीच म्हणाली, “तेव्हा हे चांगलं समजत असतील. मोठ्या बाईने खाली उतरून गरिबाशी गोड बोलणं.” बरोबर होतं. गरिबाला ते कसं वाटायचं हे त्या पुस्तकात कुणी विचारलेलं नाही. मला त्या पातळ पुस्तकामागचं गोड हसू आठवलं आणि मेथी जरा जास्तच जोरात निवडली गेली.

जुनी पुस्तकं वाचताना असंच होतं. अनोळखी शब्द बिचारे सरळ असतात, येत नाही तर येत नाही. फसवतात ते ओळखीचे.

शनिवार आला तोवर माझ्या प्रकरणातले सगळे शब्द परत आले होते, एक सोडून. ‘कॉन्ट्युमली’ शेजारणीकडे होता आणि तिची ड्यूटी बदलल्यामुळे ती घरी भेटलीच नाही. मला फोनमध्ये बघता आलं असतं. नाही बघितलं. तिचा शब्द होता.

कॅफेत पोचल्याबरोबर मी पर्समधून पातळ पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि त्या मुलीकडे सरकवलं.

“हे परत. मी आजारी नाही.”

तिला काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही, जाड पुस्तक उघडलं आणि वाचू लागले.

माझे उच्चार परळचे आहेत. समोरचा दाढीवाला मुलगा सुरुवातीला एकदा हसला, मी त्याच्याकडे बघितलं तशी कॉफी पिऊ लागला. मी दादांसारखं वाचत होते, ठासून आणि सावकाश. प्रकरणात ती बाई आपली ट्रंक मागायला दिराच्या घरी जाते. तिला दाराजवळच्या बाकावर बसवतात. चहा येतो. ट्रे सगळ्यांपुढून फिरतो आणि तिच्यासमोरून, न थांबता, परत आत जातो. आणि पुढच्या ओळीत तो शब्द.

न अडखळता वाचून टाकला असता तर कुणाला काही कळलं नसतं. उच्चार मी ठाकठीक बसवलेला होता. एक क्षण तसा मोह झालाही, खोटं कशाला बोलू. पण राहिलेला शब्द लपवायचा नसतो.

“थांबू या,” मी म्हटलं. “हा शब्द मला येत नाही. कुणाला येतो?”

कुणीतरी पान उलटून पाहिलं. कुणीतरी कप ढवळला, त्यात साखर नसावी. दाढीवाला म्हणाला, “कॉन्टेक्स्टवरून कळतो तसा.”

“काय कळतं?”

“म्हणजे… वाईट वागवणं?”

“ओरडणं पण वाईट वागवणंच झालं. इथे कुणी ओरडलेलं नाही. चहा सगळ्यांना दिलाय, तिला दिला नाही, आणि ते सगळ्यांनी बघितलंय.”

आमच्या गावच्या हॉटेलात दादांसाठी वेगळा कप होता, बाहेर खुंटीला टांगलेला. प्यायचा, आपणच विसळायचा, परत टांगायचा. मुंबईत आल्यावर कधी गावी गेले, तरी ते तिथे चहा प्यायचे नाहीत. म्हणजे अर्थ आमच्या घरात केव्हाचा होता, त्याला इंग्रजीत काय म्हणतात एवढंच मला कळायचं राहिलं होतं. हे मी तिथे बोलले नाही. प्रकरण त्या बाईचं होतं.

संयोजक मुलीने फोन हातात घेतला. “मी पटकन बघते, काकू.”

“फोन राहू दे,” मी म्हटलं. “आमच्याकडे शब्द घरी नेतात. माझ्या शेजारणीने हा नेलाय, पण ती अजून भेटलेली नाही. कुणीतरी न्या, दहा जणांना विचारा, आणि पुढच्या शनिवारी घेऊन या. मग आपण इथून पुढे वाचू. बोला, हा शब्द कुणाकडं?”

आपलाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. दादा असंच विचारायचे. सगळे आपापल्या पुस्तकात बघू लागले. आता मंगळवारची बॅच, असं मला वाटून गेलं, आणि ठरवलं की तसं झालं तर मंगळवारीसुद्धा मी जाडच पुस्तक घेऊन येणार.

“माझ्याकडे,” दाढीवाला म्हणाला. म्हणाला आणि लाजला.

संयोजक मुलीने घड्याळ पाहिलं, मग उरलेल्या पानांची जाडी पाहिली. ती चिडली नव्हती, खरोखरच काळजीत पडली होती.

“पण काकू, असं थांबत थांबत वाचलं तर हे पुस्तक संपायला वर्षं जातील.”

“अगं, जाऊ देत की,” मी म्हटलं. “मी इथंच राहते.”