नानांच्या मशीनचा उपास
"आज यांच्या मशीनचा उपास आहे, संध्याकाळपर्यंत काही मिळायचं नाही," जिन्याच्या वरून काकूंचा, नानांच्या पत्नीचा, आवाज आला. कोणी विद्यार्थी पोथीच्या दोन पानांसाठी आला होता. तो हसत खाली उतरला. मी हसले नाही. नानांच्या हाताखाली माझा कामाचा पहिला दिवस होता आणि त्याच जिन्यात मी वर जावं की परत फिरावं, हे ठरवत उभी होते.

मशीन म्हणजे सर्व्हर. नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. मंगला गौरीच्या देवळाजवळ त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आमच्या मराठी मंडळींचा जुना ग्रंथसंग्रह आहे. त्यातल्या पोथ्या नानांनी पानापानाने स्कॅन केल्या आणि वरच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवल्या. कुठूनही कोणी पान मागितलं की ते त्या खोलीतून जायचं. खिडकीला दोन जाळ्या होत्या. "एक माकडांसाठी," नाना सांगत, "आणि दुसरी, पहिली तोडलेल्या माकडांसाठी."

दर एकादशीला ते सगळं बंद करायचे. नदीपलीकडे रामनगरला त्यांच्या लेकीकडे पोथ्यांची दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर असे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. सकाळी शेअर ऑटोने पूल ओलांडून ती आणायची, दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि कुठलीही पाच पानं उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. पाचही वाचली की मशीन सुरू, आणि मग नानांचा फराळ. "जी प्रत उघडून पाहिली नाही, ती प्रत नाहीच," ते म्हणत. "पेटीत साडी आहे म्हणून काय झालं? वाळवी लागली का, ते घडी उलगडल्यावर कळतं."

मी शिकले इंग्रजी शाळेत. मराठी घरात, हिंदी गल्लीत, इंग्रजी वर्गात, आणि तिन्ही ठिकाणी मी गप्पच. नानांना त्याचं काही वाटलं नाही. "बोलू नकोस, हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेव बिटिया. बिघडलेला सिग्नल लालच राहिला पाहिजे. गाडी थांबेल, लोक शिव्या देतील, देऊ देत. बिघडून हिरवा दिसला, तर माणसं मरतात."

संग्रहाचे सेक्रेटरी बँकेतले. ते महिन्यातून एकदा येऊन चहा घेता घेता तोच विषय काढायचे.

"नाना, आता क्लाउडवर टाका ना सगळं. वीज त्यांची, दुरुस्ती त्यांची. आपण आरामात बसू."

"मी काय उभा आहे का?"

"मजाक नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"तर तुम्ही तेराव्याला या. मशीन चालू असेल." मग नाना जरा नरमत. "क्लाउड वाईट नाही हो. तिथली पोरं माझ्यापेक्षा हुशार. पण ती किरायाची कोठी आहे. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला पूछना पडेगा."

मला मनातून सेक्रेटरींचं पटायचं. पण ती खोली गेली तर नानांचा दिवस कसा जाणार, हेही मला दिसत होतं. सकाळी पूजा आटोपली की ते खोलीत येऊन मशीनच्या पाठीवर तळहात ठेवायचे. गरम किती आहे ते पाहायला, असं म्हणायचे.

पावसाळ्यानंतरच्या एका एकादशीला नाना डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. रामनगरची डिस्क मी आणली, उतरवली. पानांची नावं सगळी होती. एक उघडलं, कोरं. दुसरं कोरं. गेल्या तीन महिन्यांत स्कॅन केलेल्या एकाही पोथीचं पान उघडेना. आषाढात नानांनी नवी डिस्क लावताना प्रत काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ चुकीची लिहिली होती. तेव्हापासून प्रतीत फक्त नावं जात होती. मशीनवरची मूळ पानं शाबूत होती, म्हणून निभावलं. पण मग मागच्या एकादश्यांना नानांनी वाचलं काय होतं? मला उत्तर माहीत होतं. गेले कित्येक दिवस ते पडद्याला नाक लावून नावांची यादी पाहत आणि "आहेत सगळी," म्हणत.

मी ती ओळ सुधारली, नवी प्रत केली, पाच पानं वाचली. नाना डोळ्यांत औषध घालून परतले आणि त्यांनी विचारलं, "ठीक?" मी मान हलवली.

आता पोथ्या क्लाउडवर आहेत. तिथूनही दर एकादशीला मी प्रत उतरवते आणि पाच पानं उघडते. दुपारी नानांचा फोन येतो, "वाचलीस?" मी मोठ्याने शेवटच्या ओळी वाचते, तेव्हा कुठे ते फराळाला बसतात. नाना माझ्यावर कधी रागावले नाहीत. पण खोली बंद झाल्यावर पहिले काही दिवस सकाळच्या पूजेनंतर ते जिन्यातच बसून राहत, असं काकू म्हणाल्या.

क्लाउडवर जायचं हे ठरलं त्याच वर्षी, कार्तिकातल्या बैठकीत. सतरंजीवर सात-आठ माणसं होती, मी दाराशी. सेक्रेटरींनी कागद काढला आणि शेवटचं विचारून घेतो म्हणाले. नाना उठून उभे राहिले. नवा चष्मा होता, तरी ते माझ्या थोडं बाजूलाच पाहत होते.

"इतक्या वर्षांत एक पान गेलं नाही. एक प्रत कोरी निघाली नाही. मी सांगतो म्हणून मानू नका, हिला विचारा. ही खोटं बोलत नाही. बोलतच नाही!"

सगळे हसले आणि माझ्याकडे वळले. मला फक्त मान हलवायची होती. ती मी एकदा हलवली होतीच. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या.

"तीन महिन्यांची पानं कोरी निघाली, नाना," मी म्हणाले. "मी दुरुस्त केलं आणि तुम्हाला हिरवा दाखवला."