टाकीवाल्याचा चेहरा

आमच्या छापखान्यातून दर महिन्याला भयकथांचं एक चित्रपुस्तक निघतं. त्याचं नाव ‘म्हणे’. मी तिथे हिशेब सांभाळतो, त्यामुळे ते किती खपतं हे मला विचारा. का खपतं, हे शाईताईला विचारायला हवं. गोष्ट रचणं, चित्रं काढणं, फुग्यांत संवाद घालणं, सगळं ती एकटी करते. बोटं कायम काळी, म्हणून शाईताई. खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथेच राहू दे.

‘म्हणे’चा नियम एकच. पुरेशा माणसांनी ‘म्हणे’ लावून एखादी गोष्ट बोलली की त्या गावात ती खरी होते. एका अंकात लोक बोलू लागतात की टपाल कचेरीच्या तळघरात बसून कुणीतरी सगळ्यांची पत्रं वाचतं, आणि शेवटच्या पानावर त्या कुलूपबंद तळघरातून खोकला ऐकू येतो. दुसऱ्या एका अंकात शाळेची घंटा वाजवणारा केव्हाच मेलाय असं पोरं म्हणतात, आणि तो बिचारा घंटा वाजवता वाजवता थंड पडत जातो. भूत बाहेरून येत नाही. माणसंच ते बोलून बोलून उभं करतात. मला भुताखेतांचं वावडं आहे, पण ‘म्हणे’ची प्रुफं हातात आली की मीही खुर्ची भिंतीला टेकवून बसतो.

ताईच्या कामातली एक अडचण आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. तिला मनातून चेहरा काढता येत नाही. इमारत सांगा, झाड सांगा, हाडांचा सापळा सांगा, न बघता काढील. चेहऱ्यासाठी मात्र समोर जिवंत माणूस बसलेला लागतो, तासभर, न हलता. त्यामुळे आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं ‘म्हणे’त येऊन गेली आहेत. आमच्या मुद्रितशोधकाला तिने बुडवलंय, जाळलंय आणि एकदा भिंतीत चिणलंय. लोकांना याची मजा वाटायची. न्हाव्याच्या खुर्चीतून कुणीतरी ओरडायचं, "काय ताई, या महिन्यात कुणाचा नंबर?" ताई म्हणायची, "तुम्ही दाढी उरका आधी. दाढीवाल्याला मारायला शाई फार लागते!"

यातला सगळ्यात जुना बसणारा म्हणजे तिचा थोरला भाऊ. लहानपणी आई कपडे शिवायची, म्हणून घरात खडू भरपूर. स्टुलावर दादा, समोर फरशीवर ही. दादा स्वभावानेच अबोल. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. पुढे तो पाणीपुरवठ्यात लागला आणि आमच्या भागाच्या उंच टाकीवर त्याची नेमणूक झाली. पंप बघायचा, व्हॉल्व्ह सोडायचे, आणि रोज संध्याकाळी शिडीने वर जाऊन पाणी तपासायचं. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, खिशातल्या बाटलीतून औषधाचे दोन थेंब त्यात टाकायचे, रंग बघायचा आणि नळीतलं पाणी बाहेर फेकून द्यायचं. उभी नोकरी त्याने यात काढली. बढती आली तेव्हा ऑफिसात बसावं लागेल म्हणून नाकारली. वहिनी अजून त्यावरून बोलते.

गेल्या वर्षी ताईला खलनायकासाठी एक शांत चेहरा हवा होता. तिने भावाला विचारलं.

"दादा, तुला दुष्ट करू का या वेळी?"

"कर की. हलायचं नाही, एवढंच ना?"

"लोक नावं ठेवतील हं."

"आत्ता काय हार घालतायत?"

झालं. ‘टाकीवाला’ नावाचा अंक आला. एक शांत माणूस रोज संध्याकाळी टाकीवर चढतो आणि बाटलीतले दोन थेंब टाकीत टाकतो. ते पाणी जो पितो त्याच्या मनातून एकेक माणूस पुसला जातो. आधी लांबचे नातेवाईक, मग शेजारी, मग पोटची पोरं. ताईने टाकी हुबेहूब काढली होती. शिडी, वाकलेला कठडा, दादाची टोपी, बाटली धरायची त्याची पद्धत, सगळं तंतोतंत. फक्त थेंब पडायची जागा तिने बदलली.

नेमकं त्याच आठवड्यात मोठी जलवाहिनी फुटली. दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस नळाला तांबूस पाणी आलं. अंकातलं एक चित्र कुणीतरी मोबाईलवर टाकलं, शेजारी दादाचा खरा फोटो, आणि पुस्तकाचं नाव कापलेलं. ज्यांनी ‘म्हणे’ कधी हातात धरलं नव्हतं त्यांच्यापर्यंतही ते पोचलं.

कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. तिथल्या काकूंचं तोंड म्हणजे आमच्या भागाची दवंडी. त्या मनाने वाईट नाहीत, उधारीला नाही म्हणत नाहीत, पण बातमी पोटात ठरत नाही. काकू गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, "चित्राचं सोडा हो. बाटली तर मी या डोळ्यांनी पाहिलीय. रोज संध्याकाळी खिशातून काढतो." यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाटली सगळ्यांनीच पाहिली होती. बाटलीचं पुढे काय होतं हे शिडी चढल्याशिवाय दिसत नाही, आणि शिडी कोण चढतो?

मग एकाला चष्मा कुठे ठेवला ते आठवेना. एका आजोबांनी नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. एरवी म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. आता त्याला दोन थेंबांचा हिशेब लागला. लोक विकतचं पाणी आणू लागले. दादा रस्त्याने निघाला की बायका पोरांना आत ओढायच्या.

आमच्या मालकांनी पुढच्या अंकाच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत छापलं की ही कथा काल्पनिक आहे. काकूंनी ते पान दुकानात वाचून दाखवलं आणि विचारलं, "काल्पनिक आहे तर एवढं ओरडून सांगायची गरज काय पडली?" पाणीपुरवठ्याने तपासणीचा अहवाल फळ्यावर लावला. "तो तर त्यांच्याच ऑफिसचा!" लोक म्हणाले. आम्ही जेवढं नाही म्हणू तेवढं ते हो होत गेलं.

शेवटी दादाच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. माणूस भला, पण तक्रारींनी टेकीला आलेला. "काही दिवस ऑफिसात बस. लोकांचं डोकं थंड होऊ दे." दादाला नव्या नळजोडणीच्या अर्जांवर शिक्के मारायला बसवलं. निवृत्तीला त्याचं थोडंच राहिलं होतं आणि ते त्याला टाकीवरच संपवायचं होतं. वहिनीने घरात तोंड सोडलं, "ताई, तुमच्या कलेला जगात माझाच नवरा सापडला का? शेजारच्या वकिलाला करायचं होतं टाकीवाला. लोकांनी लगेच विश्वास ठेवला असता आणि चुकलेही नसते." दादा एवढंच बोलला, "तिला नको बोलूस. मला फक्त टाकी परत मिळू दे." ताईने हे मला सांगितलं तेव्हा ती ब्रश धूत होती. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच राहिली.

टाकीवर दुसरा माणूस आला. तरणाबांड, झुपकेदार मिशीचा. आठवडा गेला नाही तोच दुकानात नवीन बातमी, "तोच आहे. मिशी लावून आलाय."

दादापेक्षा हा वीतभर उंच! ताईला हे मी सांगितलं तेव्हा आधी ती हसली, मग खुर्चीत बसली.

"म्हणजे यांना दादाचा चेहरा नकोच आहे," ती म्हणाली. "वर कोण चढतो याच्याशी मतलबच नाही. चढला की तो टाकीवाला."

"मग?"

"मग हेच काढायचं. ‘टाकीवाला’ भाग दोन."

मालकांनी कपाळावर हात मारला. पण गोष्ट ऐकल्यावर कागद किती लागेल ते त्यांनीच मला विचारलं. ती अशी: लोक टाकीवाल्याला पकडायला एका धीट माणसाला वर पाठवतात. तो वर पोचतो, तिथे कुणीच नसतं. तो पाण्यात वाकून बघतो, आणि खाली उभ्या लोकांना कठड्यावर वाकलेला टाकीवाला दिसतो. मग त्याला पकडायला दुसऱ्याला पाठवतात. मग तिसऱ्याला. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि खालच्यांना प्रत्येक वेळी तो टाकीवालाच. शेवटी खाली ओरडायला कुणी उरत नाही.

यासाठी ताईला पुष्कळ चेहरे हवे होते, आणि कधी नव्हे ते चेहरा द्यायला कुणी तयार होईना. जो न्हावी दर महिन्याला मला मार म्हणून मागे लागायचा, तो म्हणाला, "मारायचं असेल तर आत्ता मार ताई, पण टाकीवर नको चढवूस. माझ्याकडे लोक मान देऊन बसतात. वस्तरा असतो हातात." मुद्रितशोधकाला अचानक बायकोच्या परवानगीची गरज वाटू लागली. चित्र हे चित्र असतं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, दुसऱ्याचं असेपर्यंत.

मग ताई सरळ किराणा दुकानात गेली. मी सोबत होतो, साबण घ्यायचा होता म्हणून.

"काकू, टाकीवर चढणारं पहिलं माणूस म्हणून तुम्हाला काढायचंय."

आता भडका उडणार म्हणून मी साबण खिशात घातला. काकूंनी वजनकाटा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आठवण झाली तर! आमच्या ह्यांना चार वेळा मारलंस. मी दुकानात तुझ्या समोर बसलेली, मला एकदा साधं घाबरवलंसुद्धा नाहीस. माझा चेहरा काय वाईट आहे?"

"वाईट नाही काकू. तुम्ही तासभर गप्प बसाल का, अशी भीती वाटायची."

"बसते. बघच तू. पहिलं माणूस म्हणजे, पहिल्या पानावर?"

"मुखपृष्ठावर."

काकू मुखपृष्ठावर जाणार हे कळल्यावर न्हाव्याचा वस्तराही आड आला नाही. रविवारी दुपारी सगळे टाकीखाली जमले. खालून वर बघताना वाकलेला चेहरा कसा दिसतो ते ताईला हवं होतं, म्हणून मिशीवाल्याची परवानगी काढून काकूंना शिडीच्या पाचव्या पायरीवर उभं केलं. दादाला कुणी बोलावलं नव्हतं. शिडीजवळ कोण पडलं-झडलं तर, म्हणून तो आपण होऊन आला आणि एका बाजूला उभा राहिला. लोक त्याच्यापासून जरा अंतर ठेवून होते. काकूंनी तर त्याच्याकडे मानही वळवली नाही, अर्थात हलायचं नव्हतं हेही एक कारण होतं.

ऊन चांगलंच होतं. काकू शब्दाला जागल्या. पाठ वाकवून, डोळे मोठे करून, घामाघूम होईपर्यंत त्या गप्प उभ्या राहिल्या. ताईने "झालं" म्हटल्यावर थरथरत खाली उतरल्या आणि डोळे मिटून हात पुढे केला, "पाणी, पाणी द्या कुणीतरी." दादा नळाच्या सगळ्यात जवळ होता. त्याने तिथलाच पेला विसळला, भरला आणि त्यांच्या हातात दिला. काकूंनी घटाघटा संपवला. मग डोळे उघडले.

समोर दादा. आपल्या हातात रिकामा पेला.

न्हाव्याने शिंक दाबली. दादाचा चेहरा इतका उतरला की जणू त्याने खरंच काही केलं होतं.

काकू पुटपुटू लागल्या, "थोरली. मधला. धाकटी. धाकटीची दोन पोरं." बोटांवर मोजत होत्या. "भाऊ. भावाची बायको. माहेरचे शेजारी, ते लंगडणारे." मग एकदम थांबल्या आणि कपाळाला आठी घातली. "अगं बाई, सासू पण आठवतेय!"

"नीट आठवतेय का?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

"शब्द न् शब्द आठवतोय! मग काय उपयोग या पाण्याचा?" त्यांनी पेला दादापुढे धरला. "भर आणखी. ती तरी जाते का बघू."

इतकं हसू मी त्या टाकीखाली कधी ऐकलं नव्हतं. नवरा हसला, न्हावी हसला, मिशीवाला तर खालीच बसला. मग इतरांनाही तहान लागली. पेला एकच होता, तो फिरत राहिला आणि दादा भरत राहिला. प्रत्येक जण पिऊन झाल्यावर कुणाचं तरी नाव घेऊन "आठवतोय हो अजून, मेला!" म्हणायचा. ताईने ते सगळं काढलं की नाही मला माहीत नाही. मी पाहिलं तेव्हा तिचा पुढचा कागद कोरा होता आणि ती भावाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी हाच किस्सा गिऱ्हाइकांना सांगायला घेतला, रोज थोडा वाढवून. जे काम अहवालाला जमलं नाही ते त्यांच्या सासूने केलं. काही घरं अजूनही विकतचं पाणी आणतात. दादा म्हणतो, आणू देत. मिशीवाल्याने बदली मागितलीच होती. साहेबांनी ‘कामाच्या सोयीसाठी’ असा शेरा मारून दादाला परत पाठवलं.

ताई परवा सांगत होती, पहिल्या दिवशी टाकीवरून तो घरी आला तो शिडीचा गंज हातांना घेऊन, आणि त्याच हातांनी त्याने दार ढकललं. नुकत्याच रंगवलेल्या पांढऱ्या दारावर दोन तांबडे पंजे उमटले. वहिनी ओरडत बाहेर आली. फडकं आणायला म्हणून पुन्हा आत गेली, आणि रिकाम्या हाताने बाहेर येऊन म्हणाली, "राहू दे आजच्या दिवस."