एका शब्दाच्या दोन नजरा

झरी जामणीच्या जंगलातल्या एका नाकेदारावर, म्हणजे वनरक्षकावर, अन्याय झाला. एकोणीसशे एकोणसाठ साली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पांढरकवड्यातल्या माझ्या खोलीत. अन्याय करणारा मी! पत्रकं छापून साऱ्या गावाला जाब विचारत हिंडणारा मी. हे आधी सांगतो, मग त्या माणसाबद्दल सांगतो.

बंजारा तांड्यावरचा माणूस. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि सागाच्या झाडांशी काय बोलायचा ते त्यालाच ठाऊक. कोणताही कागद हाती आला की तो आधी कानाला लावायचा. लग्नाची पत्रिका असली तरी! मग मान हलवून म्हणायचा, "बोलत नाही हा. वाचून दाखव."

मला पाहिलं की टोमणा ठरलेला : "काय पत्रकवाले, आज कोनाले झोडपून राह्यले?"

त्या वर्षी होळीच्या आधी जंगल पेटलं. वणवा पसरू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच जाळून ठेवतात. तो त्यानं चोख जाळला होता. तरी जंगलखात्याच्या साहेबानं लेखी खुलासा मागितला : पट्टा जाळताना आग तुझ्याच हातून सुटली का? नोकरीवर गदा होती. तो तडक माझ्याकडे आला.

"लिव्ह. सारं काम माह्या नजरेखाली झालं. शेवटची ठिनगी इझल्याबिगर म्या जागा सोडली नाही."

मी इंग्रजीत लिहायला बसलो. मॅट्रिक पास झाल्याचा माज! कोशात देखरेखीला एक शब्द सापडला : ओव्हरसाईट. काय भारदस्त! ठोकून दिलं, पट्टा माझ्या ओव्हरसाईटनं जळाला.

त्यानं कागद कानाला लावला. "मराठीत वाचून दाखव ना बाप्पा."

"काका, साहेबाची भाषा आहे ही. तुम्ही अंगठा करा."

त्यानं केला.

आठवडाभरात हुकूम आला : स्वतःच्या कबुलीवरून बडतर्फ. कबुली? कसली कबुली? मी कोश पुन्हा उघडला. त्याच शब्दाखाली, दोन ओळी सोडून, दुसरा अर्थ : नजरचूक! राखणारा तोच शब्द, चुकणाराही तोच!

हे त्याला सांगताना वाटलं, आता थोबाडीत बसते. तो हसला. "आपल्यातबी नजर हाय अन् नजरचूक हाय. पन आपन दोन शब्द ठेवले, बावा. ह्यायचं एकातच कसं भागते?"

मी मराठीत दुसरा अर्ज लिहून साहेबाच्या कचेरीत नेला. तिथले बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणाले, "कबुली इंग्रजीत आहे. तीच धरणार."

"ज्याला ती वाचताच येत नाही, त्याची कबुली कशी?" मी टेबलावर हात आपटला. बाबूंनी फाईल बांधली.

तो आदिलाबादकडे रस्त्याच्या कामावर निघाला. तो ट्रकमध्ये चढत असताना मी त्याच्या हाती नवं पत्रक दिलं, त्याच्यावरच झालेल्या अन्यायाचं, मराठीतलं. त्यानं ते कानाला लावलं आणि परत माझ्यापुढे धरलं. मी भर सडकेवर ओरडून वाचलं. ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सारे थांबून ऐकत होते.

"हा बोलते," तो म्हणाला. ट्रक सुटला. तो परत आला नाही.

आता राज्य मराठीचं झालं म्हणतात. मग तुमच्या हातातला कागद कानाला लावा. तुमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर अंगठा देऊ नका. लिहिणारा मी असलो, तरी!