जपा नी चालवा

आमच्या घरात ‘जपानी’ या शब्दाचा देशाशी संबंध नाही. तो दर्जा आहे. चहा फक्कड झाला की सासरे म्हणतात, जपानी झालाय. गच्चीची गळती काढायला आलेला माणूस अर्धं काम टाकून गेला, तेव्हा त्याच्यात जपानीपणा नव्हता. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझी पुरणपोळी, माझं हस्ताक्षर, मी वाढवलेला मुलगा, यातलं काहीही जपानी ठरलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे.

जपानी ठरलेली एकमेव वस्तू डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीखाली एका खांबाला पाठ देऊन उभी असते. वर खाकी कव्हर, त्याखाली जुनी सोलापुरी चादर, आणि ती काढली की मग चंदेरी रंगाची गाडी. आत सीटवर शोरूममधून आलं ते प्लास्टिक अजून तसंच. गाडी तेरा वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत ती जेवढी चालली, त्याहून जास्त मी भाजी आणायला चालले असेन.

कंपनीचं नाव मी घेत नाही. बाबा, म्हणजे सासरे, ते इतक्यांदा घेतात की माझ्या वाटणीचंही घेऊन झालंय. पाहुणा सोफ्यावर टेकला की त्याला कंपनीचा इतिहास ऐकावा लागतो. सुरुवात कापडाच्या मागापासून. हो, ही मंडळी आधी माग बनवायची. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. इथे बाबा थांबतात, पाहुण्याने मान डोलावण्याची वाट बघतात. मग गाड्या. परदेशात पाठवलेल्या पहिल्या गाड्या चढावर धापा टाकायच्या आणि लोक हसायचे. कंपनीने हसू दिलं, गाड्या परत नेल्या, आणि काही वर्षांनी अशा आणल्या की हसणाऱ्यांनीच विकत घेतल्या. आता वाळवंटात बघा, डोंगरात बघा, तीच गाडी. आणि कधी चूक झालीच तर विकलेल्या गाड्या परत बोलावतात, मोठे साहेब जगासमोर कमरेत वाकून माफी मागतात.

शेवटी दोरी. ती बाबांची सर्वांत लाडकी गोष्ट. कारखान्यात गाड्या एकामागून एक पुढे सरकत असतात आणि डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. साध्यातल्या साध्या कामगाराला चूक दिसली तर त्याने दोरी ओढायची, की सगळं काम थांबतं. त्याला कोणी ओरडत नाही. उलट साहेब येऊन आधी आभार मानतो.

हे सगळं सांगणारा माणूस जपानला गेलेला नाही. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात एकदा जपानी इंजिनियर आले होते आणि बाबांना तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं होतं. पासपोर्ट काढून झाला, स्वेटर विणून झाला, आणि योजना बारगळली. पासपोर्ट अजून कपाटात आहे. सगळी पानं कोरी. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी ही गाडी घेतली.

घेतली आणि जपली. ‘जपानी म्हणजे काय?’ असं ते विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, ‘जपा नी चालवा.’ आम्ही त्यातलं पहिलं अर्धंच पाळलं.

दर रविवारी सकाळी नऊला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, रुमालात गुंडाळलेली चावी घेऊन खाली जायचे. दहा मिनिटांनी वर यायचे, चावी कपाटात ठेवायचे आणि घराला उद्देशून दोनच शब्द बोलायचे. ‘एका चावीत.’ म्हणजे गाडी एकदा चावी फिरवल्यावर सुरू झाली. मग चहा.

आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईने याची नक्कल करायची नाही तर काय करायचं? दिवाळीच्या फराळाला जमलेल्या नातेवाइकांसमोर मी ती करते. चावीच्या जागी चकली रुमालात गुंडाळते, खांबाच्या जागी नवऱ्याला उभा करते. ‘आमच्याकडची गाडी चालत नाही, ती विराजमान असते,’ इथे हशा हमखास. बाबाही हसायचे. निदान हसताना दिसायचे.

तर अशी ही विराजमान गाडी मला हवी होती. गंमत म्हणून नाही. माझी आई मोहन्याला राहते, बंद पडलेल्या रेयॉनच्या कारखान्याजवळ, आमच्या जुन्या घरात. तिचा एक डोळा गेलाय. दुसऱ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते, त्यावर ठाण्यात खोपटला डॉक्टर दर महिन्याला डोळ्यातच इंजेक्शन देतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तारीख चुकवू नका, इथे गेलेलं परत येत नाही.

जानेवारीची तारीख आम्ही चुकवली. मोबाइलवरून बोलावलेल्या तीन गाड्यांनी येतो म्हणून येणं रद्द केलं, आईला आणायला निघालेली माझी रिक्षा पत्रीपुलावर अडकली, पुढे आईला घेऊन एसटीने खोपटला उतरलो तेव्हा डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. पुढची वेळ आठ दिवसांनी मिळाली. त्या आठ दिवसांत आईला देवघराची चौकट वाकडी दिसायला लागली. ती तक्रार करत नाही. ‘सुताराने तेव्हाच वाकडी केली असेल,’ एवढंच म्हणाली. चौकट सरळ आहे. मी पट्टी लावून बघितली.

नवरा गाडी शिकलेला नाही. घरात एक ड्रायव्हर पुरे, असं त्याचं म्हणणं, आणि तो ड्रायव्हर, म्हणजे बाबा, गाडी चालवत नाही. म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी मी मोटर ट्रेनिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं होतं. फेब्रुवारीच्या तारखेसाठी मी गाडी मागितली.

बाबा म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मेट्रोसाठी रस्ता खणलाय, असल्या रस्त्यावर जपानी गाडी घालायची का. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गाडी जरा विश्रांतीवर आहे. हे मी कंजूषपणाच्या खात्यात टाकलं आणि जाहीर केलं की मंगळवारी मी गाडी नेतेय, कोणाला खांबाला बांधून घ्यायचं असेल त्याने घ्यावं. रविवारी बाबा नेहमीप्रमाणे खाली जाऊन आले. ‘एका चावीत.’

मंगळवारी सकाळी साडेआठला मी कव्हर काढलं, चादर काढली, गाडीत बसले. प्लास्टिक कुरकुरलं. बाबाही इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले होते, तेही येणार होते. मी चावी फिरवली. काही नाही. दिवासुद्धा लागला नाही. मला शिकवल्याप्रमाणे मी क्लच बघितला, न्यूट्रल बघितला, बेल्ट बघितला, आरशातही बघितलं. परत फिरवली. कुठेतरी आत ‘टक्’ झालं आणि संपलं.

बाबा खांबाजवळ उभे राहून कव्हराची घडी घालत होते. टोकाला टोक जुळवून, अगदी सावकाश.

“बाबा, परवा सुरू झाली होती ना?”

घडी चालूच.

“बाबा.”

“दसऱ्यापासून होत नाही,” ते कव्हराला म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. म्हणजे चार महिने हा माणूस दर रविवारी खाली येऊन, बंद गाडीत दहा मिनिटं बसून, वर येऊन आम्हाला ‘एका चावीत’ सांगत होता. आणि मी त्या भरवशावर मोहन्याला निरोप दिला होता की यावेळी रिक्षा नको, मी दारात येते. आई बाहेरच्या पायरीवर पिशवी घेऊन बसली असणार. साडेबाराला इंजेक्शन. माझा आवाज चढला.

“तुमच्या जपानात ती दोरी कोण ओढतं हो?”

“ज्याला चूक दिसते तो.”

“मग चार महिने तुम्ही का नाही ओढली? आईचा एकच डोळा उरलाय, बाबा.”

त्यांनी घडी खाली ठेवली. “इथे ओढली तर कोणी थांबत नाही, सूनबाई. हसतात. तू तर उभी राहून करून दाखवतेस.”

मी उलट बोलायचं सोडून बॉनेट उघडलं. ही घटना आमच्या नातेवाइकांत कोणी खरी मानणार नाही. दिवाळीचा फराळ आठवला. दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी मी चकली रुमालात गुंडाळली होती, आणि बाबा समोर बसून हसले होते. तेव्हा गाडी बंद पडलेली होती.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी ऑफिसला जायला खाली उतरला. त्याची गाडी कोरियाची. बाबा तिला कधी नावं ठेवत नाहीत, फक्त तिच्याकडे बघत नाहीत. बॉनेट उघडं बघून तो थांबला.

“काय झालं काका? परवा तर लिफ्टमध्ये म्हणालात, एका चावीत.”

बाबांनी खाली ठेवलेली घडी परत उचलली. खांबाजवळ तो इस्त्रीचा शर्ट त्यांच्या अंगावर एकदम मोठा दिसायला लागला.

“मी काल सराव करायला बसले होते,” मी म्हणाले, “दिवे चालू राहिले रात्रभर. बॅटरी उतरली.”

“वाटलंच,” शेजारी म्हणाला. “वहिनी, गाडी म्हणजे कुकर नव्हे, विसरलं तर शिट्टी होत नाही.”

माझ्याकडे याची चार उत्तरं तयार होती, त्यातलं एक तर त्याच्या बायकोनेच पुरवलेलं. मी चारही गिळली. घशात अजून टोचतात. त्याने डिकीतून केबल काढली, स्वतःची गाडी नाकासमोर नाक लावून उभी केली, आणि कोरियाने जपानला जिवंत केलं. बाबांनी माझे आभार वगैरे मानले नाहीत. तो केबल जोडत असताना एवढंच म्हणाले, “लाल आधी लाव म्हणावं त्याला.”

निघालो. पहिल्या वळणावर त्यांनी सांगितलं, सेकंड गिअर. टिळक चौकात सांगितलं, सेकंड गिअर. पत्रीपुलावर, जिथे गाडी मुळात हलतच नव्हती, तिथेही सेकंड गिअर. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी त्यांना रिक्षा करून दिली असती. इंजिन मात्र, खोटं कशाला बोलू, शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललं होतं.

आई पायरीवरच होती, काळा चष्मा लावून. मागे बसली, हाताने सीट चाचपली.

“व्याही, नवी गाडी घेतली काय?”

“तेरा वर्षं झाली.”

“मग हे प्लास्टिक?”

“जपलंय,” बाबा म्हणाले.

“मला उकडतं हो,” आई म्हणाली. दुर्गाडीच्या पुलावर मागून फाडण्याचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग मोकळा. बाबांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. मागे वळून मात्र बघितलं नाही.

भिवंडी बायपास, मानकोली, माजिवडा. बारा वाजून दहा मिनिटांनी मी खोपटला डॉक्टरांच्या गल्लीत गाडी थांबवली आणि चावीला हात घातला. बाबांनी माझं मनगट पकडलं. बंद केली आणि परत लागलीच नाही तर? ते चालू गाडीत बसून राहणार, आम्ही दोघींनी वर जावं. दोघी वर गेलो. तारीख चुकली नाही. डॉक्टरांनी पडद्याचा फोटो बघून म्हटलं, गेल्या वेळेपेक्षा वाढलेलं नाही. वाकडी दिसणारी चौकट सरळ दिसेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते सांगता येत नाही, पण उरलंय ते टिकवू.

तासाभराने डोळ्याला पट्टी बांधलेल्या आईला धरून मी खाली आले, तर गाडीच्या खिडकीशी वाहतूक पोलीस. पोलीस सांगत होता, काका, गल्लीत गाडी चालू ठेवून बसायचं नाही, बंद करा नाही तर हलवा. आता कापडाचे माग निघणार, अशी माझी खात्री झाली.

बाबा म्हणाले, “बंद नाही करता येत. दसऱ्यापासून सुरू होत नव्हती. घरी कोणाला सांगितलं नव्हतं मी.”

मी पोलिसाच्या तोंडाकडे बघत राहिले. तो हसला नाही. एक टायर बुटाने दाबून बघितला आणि म्हणाला, “मग राहू द्या. जरा भिंतीला चिकटवा, मागून टेम्पो येतोय.”

मी घाईने आईला मागे बसवलं, स्वतः बसले, गिअर टाकला, टेम्पोचा हॉर्न वाजला आणि माझा पाय क्लचवरून एकदम सुटला. गाडीने एक उसळी घेतली आणि बंद पडली. गल्लीत इतकी शांतता झाली की मागे आईच्या पायाखालचं फाटकं प्लास्टिक वाजलेलं ऐकू आलं. टेम्पोवालासुद्धा गप्प.

“बंद पडली नाही,” बाबा म्हणाले. “तू पाडलीस. फरक आहे.”

मी दात आवळून चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

बाबा सकाळपासून पहिल्यांदाच मागे वळले. फाटलेल्या प्लास्टिककडे त्यांनी बघितलंच नाही. पट्टी बांधलेल्या आईला, खिडकीतून पोलिसाला आणि शेवटी मला, असं तिघांना मिळून ते म्हणाले, “एका चावीत.”

मी गाडी गल्लीबाहेर काढली. सेकंड गिअर टाकला, सांगायच्या आत.