थोरले साडू आणि माझी नवी गाडी

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात बंद पडलेली एकही मोटार बंद राहू दिली नाही, आणि चालू असलेली एकही मोटार सुखाने चालू दिली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सगळं असोदा गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही म्हणे. गावाबाहेर त्यांची केळीची बाग होती, पण बागेत ते सापडायचे नाहीत. भुसावळच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली जुनी मोटार अंगणात उभी असे आणि तिच्याखाली भाऊ असत. कोणी भेटायला आलं की अक्का स्वयंपाकघरातूनच, पाय दिसतील तिथे जाऊन बोला, असं सांगत.

गाडी गॅरेजमध्ये नेणं भाऊंना कमीपणाचं वाटे. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद, पेट्रोलची टाकी पाझरायला लागली की तिला अंगाचा साबण, बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की उकळतं पाणी, असा त्यांचा निम्मा कारखाना अक्काच्या फडताळात होता. त्या घरचं वरण कधीकधी पांढरंफटक का येतं हे नवीन पाहुण्याला कळत नसे. कार्ब्युरेटरची जाळी तोंडाने फुंकून फुंकून त्यांच्या मिशांना पेट्रोलचा वास लागला होता. इंजिन खोलून परत जोडलं की दोन-तीन नट हमखास उरत. ते एका डब्यात टाकून भाऊ शांतपणे सांगत, "कंपनीनं जास्तीचेच लावले होते." आणि गाडी खरोखर चालायची, याचाच मला राग येई. वैशाखात आमच्याकडे उन्हाने पेट्रोलची इंजिनाच्या पंपातच वाफ होते आणि चांगल्या चांगल्या गाड्या रस्त्यात मान टाकतात. भाऊंच्या डिकीत तेवढ्यासाठी केळीचं ओलं सोपट, म्हणजे खोडाचं साल, ठेवलेलं असे. ते पंपाला गुंडाळलं की पाच मिनिटांत गाडी सुरू. लोक हसत, मीही हसे, आणि माझी स्कूटर अडली की गुपचूप असोद्याला नेई.

नव्वदनंतर कधीतरी मी जळगावात नवी कोरी गाडी घेतली आणि माझं डोकं फिरलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. भाऊ पान्यांची पिशवी घेऊन कौतुकाने बघायला आले, तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो आणि कंपनीशिवाय कोणी हात लावला तर गॅरंटी जाते, असं त्यांना समजावलं. त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि गाडीचा रंग चांगला आहे असं म्हणाले.

त्याच वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा धुळ्याला, मुलाकडे ठरला. भाऊ स्वतःच्या गाडीने निघणार होते. व्याह्यांच्या दारात ते खटारं नको, मुलीचा बाप माझ्या गाडीतून उतरेल, असा हट्ट मीच धरला. बाकीची मंडळी पहाटेच्या एसटीने पुढे गेली. आम्ही दोघे मागून निघालो आणि एरंडोल सोडल्यावर थोड्याच वेळात, ऐन उन्हात, माझी नवी गाडी आचके देऊन थांबली.

भाऊ खाली उतरले. रस्त्यापलीकडे केळीची बाग होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "साडूभाऊ, मी पाहू का जरासं? दोन मिनिटं लागतीन."

मला सोपट आठवलं नाही असं मुळीच नाही. चांगलं आठवलं. पण माझ्या चकचकीत इंजिनाला केळीचं साल गुंडाळायचं? मी म्हणालो, "राहू द्या भाऊ, उगाच काहीतरी व्हायचं." मी किल्ली खिशात घातली, भाऊंना गाडी सांभाळायला सांगितलं, एक ट्रक थांबवला आणि एरंडोलला जाऊन जळगावला फोन केला. कंपनीच्या माणसाला घेऊन परत येईपर्यंत अडीच तास गेले. भाऊ नवी टोपी घालून लिंबाच्या सावलीत बसले होते. त्या माणसाने किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. पेट्रोल तापलं होतं, आता निवलं, असं तो म्हणाला. पंपावर ओला फडका टाकला असता तरी तुम्ही तेव्हाच निघाला असता, हेही त्याने वर सांगितलं. त्याला पाना बाहेर काढावा लागला नाही.

धुळ्यात पोचलो तेव्हा मुहूर्त टळू नये म्हणून बापाच्या पाटावर भाऊंच्या धाकट्या भावाला बसवून सगळं उरकलं होतं. पंगत उठत होती. मुलगी हातात नारळ धरून दाराकडे बघत होती, तिच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही. व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "मलेच निंघाले उशीर झाला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, जिलबी खाल्ली. पुढे भाऊ घरी येत, हसत, केळी आणत. पण माझ्या गाडीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. दोन वर्षांनी मला राहवेना. गाडी धडधाकट होती, तरी कसला तरी आवाज येतोय असं खोटंच सांगत मी ती असोद्याला नेली, त्यांच्या अंगणात उभी केली आणि बॉनेट उघडून दिलं. भाऊ ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अक्काला चहा टाकायला सांगितला, मला सरकून जागा दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "कंपनीच्या मानसाले दाखवून घ्या." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी बॉनेट तसंच उघडं ठेवून सावकाश दोन कप चहा प्यायलो, पण भाऊंनी तिकडे एकदाही पाहिलं नाही.