वहिनीचं नाक आणि दादाची मरळ

आमच्या वहिनीचं नाक फार तिखट. शेजारच्या घरात दूध नासलं तर ते घरच्यांच्या आधी हिला कळतं. आणि अशा बाईच्या पदरात पडला माझा दादा, ज्याला जगात दोनच गोष्टींचं वेड. एक मरळ मासा आणि दुसरा त्याला भुलवायचा मसाला.

दादा देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झाला आणि वडिवळ्याला घरी परतला. पूर्वी सुट्टीपुरता जायचा, आता त्याचा कायमचा मुक्काम धरणाच्या काठाला. हल्ली पुण्याहून पोरं येतात, चकचकीत रबरी बेडूक गळाला लावून पाण्यात फेकतात. दादाकडेही तेच बेडूक आहेत. पण मरळ मोठी चिकित्सक. नुसतं रबर तोंडात आलं की थुंकून मोकळी होते. त्यावर दादाचा स्वतःचा उपाय होता. शेतातले खेकडे ठेचायचे, त्यात लसूण, बडीशेप, चमचाभर गोडं तेल घालायचं आणि बाटलीत भरून मुरत ठेवायचं. मग त्यात भिजवलेला कापूस बेडकाच्या पोकळ पोटात कोंबायचा. पाण्यात वास झिरपत राहतो आणि मरळ बेडूक क्षणभर जास्त धरून ठेवते. तेवढ्या क्षणात दादा झटका मारायचा. काठावरची माणसं आपले गळ सोडून त्याचा हात बघत बसायची, आणि मला त्याचा कोण अभिमान वाटायचा!

खरी मेख मुरण्यात. कमी मुरलं तर वास सुटत नाही, जास्त झालं की सडतं, आणि सडक्याला मरळ तोंड लावत नाही. दादा म्हणायचा, माझं नाक मला बरोबर सांगतं. बाटली मोरीच्या कोपऱ्यात असायची. चार दिवस वहिनी कसंबसं सोसायची आणि मग कडाडायची, "आवं, त्यो नरक घिऊन आदी भाईर व्हा!" दादा हसत हसत बाटली उचलून धरणाकडे निघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे भांडण कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षी दादाला मोठा ताप आला. त्यातून उठला, पण वास गेला तो गेलाच. सकाळी वंदनेला अगरबत्ती लावली की त्याला नुसता धूर दिसायचा. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाहीही येणार. जेवणाची चव गेली, भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. तरी मासे आहेत म्हणून माणूस तग धरून होता. त्याने मसाला भरला, अजून मुरलं नसेल म्हणत ठेवत गेला आणि एकदाचा धरणावर गेला. हात हलवत परत आला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. काठावर कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "भाऊ, मरळींनी उपास धरला का काय?" त्या दिवशी त्याने रॉड माळ्यावर टाकला.

वहिनीचा मला फोन आला. "वन्सं, तुमी या. ह्ये दिसभर भिताडाकडं बघत बसत्यात. मला भ्या वाटतंय."

मी लोणावळ्याहून रजा टाकून गेले. मी चिक्कीच्या दुकानात काम करणारी, गुळाच्या पाकानं माझं नाक केव्हाच बधिर झालेलं. तरी उंबऱ्यातच मी नाकाला पदर लावला. मोरीतली बाटली कधीच सडली होती. आणि आमची वहिनी शांतपणे चहा उकळत होती!

"वहिनी, तुला वास येत न्हाई ह्याचा?"

"येतोय की. लय दिस झालं."

"मग वरडत का न्हाईस?"

ती गॅसकडेच बघत म्हणाली, "आजारातून उटल्याल्या माणसावर काय वरडायचं? त्येंचं तेवडंच तर ऱ्हायलंय."

मी पडले फटकळ. म्हटलं, "अगं, अशी दया करून त्याला पार झोपवशील तू!"

दादा ओसरीवर होता. तो उठून आत आला, मोरीकडे बघितलं, मग वहिनीकडे. "तू वरडायचीस तवाच मी बाटली उचलायचो," तो सावकाश म्हणाला. "मला वाटायचं माजं नाक. ते तुजंच हुतं की गं."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं, की शहाण्या नणंदेने अंगणात जायला हवं होतं. मी गेले नाही. मला ऐकायचं होतं. पण दादाने नुसती ती सडकी बाटली उचलली आणि उकिरड्यावर ओतून आला.

मग त्याने नवी बाटली भरली. रोज सकाळी दादा ती उघडून वहिनीसमोर धरायचा आणि विचारायचा, "कसा?"

"तुमच्या डूटीच्या मोज्यांवानी. ऱ्हाऊ द्या आजून."

दुसऱ्या दिवशी, "भिजल्याल्या गोणपाटावानी."

जिला त्या बाटलीचा उभा जन्म तिटकारा, ती बाई रोज उठून त्यात नाक घालत होती, नीट शोधून शब्द देत होती. मी कुणाचं सहसा कौतुक करत नाही. पण वहिनीचं केलं, मनातल्या मनात, आणि पोटभर.

मग एका सकाळी तिने हातातलं उलथनं आपटलं. "उचला आदी! न्हाईतर बाटली आन तुमी, दोगं बी भाईर!"

दादाचा चेहरा उजळला. त्याने माळ्यावरून रॉड काढला आणि म्हणाला, "तू बी चल."

वहिनी आयुष्यात पहिल्यांदा काठावर येऊन बसली. दादाने बेडूक फेकला, ओढला, पुन्हा फेकला. बराच वेळ काही नाही. आज रिकामा परतला, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार होता. तेवढ्यात गवताच्या कडेला पाणी फुटलं. दादाने झटका मारला, दोरा ताठ झाला, आणि हाताएवढी जाड मरळ काठावर आली.

दादाने ती दोन्ही हातांत धरली आणि जुन्या सवयीने नाकाशी नेली. तसाच उभा राहिला. कसलाच वास आला नाही. त्याचा चेहरा पडला आणि माझ्याच्याने बघवेना.

वहिनी उठली. तिने त्याचे ओले हात माशासकट आपल्या तोंडाजवळ ओढले आणि खोल श्वास घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "ताज्या मरळीचा येतोय. शेवाळाचा हाय, वाईच चिकलाचा हाय, आन त्या तुमच्या मेल्या लसणाचा बी हाय."

दादा डोळे मिटून ऐकत होता. "आजून?"

"आन तुमचा हाय," ती म्हणाली. "पयल्यावानीच हाय."